टाच नॉर्मल म्हणजे सगळी हाडं नॉर्मल? त्या फॉरवर्डला माझं उत्तर

गेले दोन-तीन महिने एक मेसेज फिरतोय. मला तो माहेरच्या ग्रुपवर आला, सोसायटीच्या ग्रुपवर आला, शाळेतल्या मैत्रिणींनी पाठवला आणि परवा एका पेशंटने मोबाईलच पुढे केला, मॅडम हे खरंय का हो म्हणून. मेसेज लांबलचक आहे, फुलं आणि नमस्कार सोडले तर त्यात एवढं म्हटलंय: चाळिशी उलटली की हाडं दरवर्षी एक टक्का झिजतात, डोक्यापासून पायापर्यंत सगळी सारखीच, म्हणून टाचेची पाच मिनिटांची टेस्ट केली की सगळ्या सांगाड्याचं कळतं आणि ती नॉर्मल आली तर पुढच्या महागड्या तपासण्या करू नका, हाडं ठिसूळ होणं म्हणजे ऑस्टिओपोरोसिस हा बायकांचा आजार आहे, पुरुषांनी काळजी करू नये, उंची कमी होणं, पोक येणं हे वयाने व्हायचंच, आणि रोज दोन ग्लास दूध नि अर्धा तास चालणं केलं की सगळी हाडं परत भरून येतात.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, सोळा वर्षं झाली हे काम करते. हे वाचून गप्प बसवत नाही कारण आमच्याच बिल्डिंगमधल्या काकूंचं काय झालं ते मी जवळून बघितलंय. काकू ६८ वर्षांच्या. एका मेडिकलच्या दुकानाबाहेर फ्री कॅम्प होता, टाच मशीनमध्ये ठेवली, हिरवा रंग आला, नॉर्मल सांगितलं. त्यांनी तो कागद देवघराच्या ड्रॉवरमध्ये जपून ठेवला होता. पुढे आठ महिन्यांनी बाथरूममधली अर्धी बादली उचलताना पाठीत चमक आली. पडल्या नाहीत, घसरल्या नाहीत, फक्त बादली उचलली. घरात सगळे म्हणाले उसण भरली, शेकलं, बाम लावला, तीन आठवडे तसेच काढले. मी सुट्टीवरून आले तेव्हा बघितलं आणि एक्स-रे काढायला लावला, कमरेचा पहिला मणका, ज्याला आम्ही एल वन म्हणतो, तो पुढून चेपलेला. म्हणून हे एकेक मुद्दा घेऊन लिहितेय, थोडं लांब होईल, वाचा प्लीज.

"डोक्यापासून पायापर्यंत सगळी हाडं सारखीच झिजतात"

सगळ्यात मोठी चूक ही आणि बाकीच्या हिच्यातून निघतात, त्यामुळे इथेच जास्त वेळ घेते.

हाड बाहेरून एकसारखं दिसतं पण आत दोन प्रकारचं असतं. एक घट्ट, बाहेरच्या भिंतीचं. मांडीचं हाड मधोमध कापलं तर जी जाड नळी दिसते ती हीच. दुसरं जाळीदार, चांगल्या अनारशाला पडते तशी जाळी, बारीक काड्या आणि पापुद्र्यांची, आणि त्या भोकांमध्ये मज्जा भरलेली. वजनाने मोजलं तर सगळ्या सांगाड्यात साधारण ८० टक्के घट्ट हाड आणि २० टक्के जाळीचं. पण ही वाटणी प्रत्येक हाडात वेगळी. मणक्याचा पुढचा जो गोल ठोकळा असतो त्यात जाळी भरपूर आणि वरून पातळ कवच. टाचेच्या हाडात जवळपास सगळी जाळीच. कोपर आणि मनगटाच्या मधोमध बोट ठेवा, तिथलं हाड ९५ टक्क्यांहून जास्त घट्ट. तेच हाड मनगटाकडे आलं की जाळी वाढते. खुब्याच्या मानेत दोन्ही आहे, पण भार घेण्यात घट्ट भिंतीचा वाटा मोठा.

आता हाड म्हणजे काही ओतलेलं सिमेंट नाही, ते जन्मभर खरवडलं जातं आणि परत भरलं जातं, काही पेशी जुनं काढतात, काही नवं घालतात. तरुणपणी हिशोब जुळतो, नंतर जेवढं काढलं त्यापेक्षा थोडं कमी भरलं जातं. आणि हे सगळं काम हाडाच्या पृष्ठभागावरच चालतं. हे लक्षात आलं की बाकी सोपं आहे. एका वाटीत खडीसाखरेचा खडा टाका आणि दुसरीत तेवढ्याच वजनाची पिठीसाखर, दोन्हीत पाणी ओता. पिठीसाखर आधी विरघळते कारण पाण्याला भिडायला तिची जागा जास्त आहे. जाळीचं हाड वजनाने कमी असलं तरी त्याचा पृष्ठभाग खूप, म्हणून तिथे उलाढाल वेगात आणि तोटाही आधी.

आणि हे मी मनाने सांगत नाहीये. अमेरिकेत मिनेसोटात रॉचेस्टरला मेयो क्लिनिक आहे, तिथल्या लॉरेन्स रिग्ज आणि त्यांच्या टीमने १९८१ साली २० ते ८९ वयाच्या १८७ निरोगी लोकांची हाडं तीन ठिकाणी मोजली: कंबरेचे मणके, हाताच्या हाडाचा मधला भाग आणि मनगटाजवळचा भाग. बायकांमध्ये मणक्याची घट तरुणपणीच सुरू झालेली दिसली आणि सरळ रेषेत उतरत गेली. हातात मात्र पन्नाशीपर्यंत काहीच नाही, मग ५१ ते ६५ मध्ये झपाट्याने, आणि ६५ नंतर परत जरा हळू. आयुष्यभराची बेरीज मणक्यात ४७ टक्के, मनगटाजवळ ३९ टक्के, हाताच्या मध्यात ३० टक्के. एकाच बाईचं शरीर, एकच आहार, एकच हवा, आणि तीन जागांचे तीन वेगळे हिशोब!

मग २००८ मध्ये मेयोच्याच लोकांनी सीटी वापरून जाळी आणि भिंत वेगवेगळी मोजली, आणि तीच माणसं पुन्हा पुन्हा बोलावून मोजली. आयुष्यात जाळीचं जेवढं हाड जातं त्यातलं बायकांत ३७ टक्के आणि पुरुषांत ४२ टक्के पन्नाशीच्या आधीच गेलेलं असतं. भिंतीच्या हाडाचं पन्नाशीच्या आधी बायकांत फक्त ६ टक्के, पुरुषांत १५ टक्के.

उलटी बाजूही सांगते नाहीतर अर्धवट होईल. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला रॉजर झेबाझे आणि एगो सीमन यांच्या टीमने २०१० मध्ये मनगटाजवळच्या हाडाचा बारकाईने अभ्यास केला. ५० ते ८० या वयात तिथून जेवढं हाड जातं त्यातलं जवळपास ६८ टक्के घट्ट भिंतीतून जातं, आणि भिंतीतलं बहुतेक ६५ नंतर. म्हणजे उतारवयात भिंतीच्या आतच भोकं पडायला लागतात, बांबूला भुंगा लागावा तसं, बाहेरून जाडी तीच आणि आतून पोकळ. भोकं पडली की पृष्ठभाग आणखी वाढतो आणि खरवडायला आणखी जागा मिळते. तर क्रम असा, आधी जाळी, मग भिंत. फ्रॅक्चरचं वयही त्याच्याशी बऱ्यापैकी जुळतं. मनगट मोडणाऱ्या बायका पन्नाशी-साठीच्या, मणके साठीपासून पुढे, आणि खुबा सत्तरी-पंचाहत्तरीनंतर एकदम वाढत जातो. (यात पडण्याची पद्धतही आहे, पन्नाशीची बाई पडताना हात टेकते, ऐंशीच्या आजी आडव्या कुशीवर पडतात आणि हात पुढे येईपर्यंत उशीर झालेला असतो.)

आणि "डोक्यापासून" म्हणताय ना, तर कवटीचं बघा. स्वयंसेवकांना १७ आठवडे अंथरुणावर पडून ठेवलं तेव्हा मणका, खुबा, टाच यांचं हाड कमी झालं आणि कवटीचं उलट वाढलं. मीर अवकाशस्थानकावर राहून आलेल्यांचं मोजलं तर खुब्याच्या भागात महिन्याला एक ते दीड टक्का गेलेलं, मणक्यात एक टक्का, आणि हातात जवळपास शून्य. ते वयामुळे नाही, भार गेल्यामुळे, मान्य. पण हाडं सगळी एका तालावर चालत नाहीत हे त्याच्याइतकं स्वच्छ कुठे दिसत नाही.

जाता जाता आपल्या भाषेतली एक अडचण. आपण गुडघा दुखला तरी "हाडांची झीज" म्हणतो आणि हाड ठिसूळ झालं तरी "हाडांची झीज"च म्हणतो. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. गुडघ्यात सांध्याची कूर्चा झिजते, तिथे हाड उलट कडेने वाढतं. ठिसूळपणात हाडाचा आतला माल कमी होतो आणि मोडेपर्यंत दुखत नाही. माझ्याकडे आठवड्यातून एक तरी पेशंट येते जिला गुडघ्याच्या झिजेसाठी वर्षानुवर्षं कॅल्शियम चालू आहे आणि मणक्याचं कुणी विचारलेलंही नाही. शब्द एक असल्यामुळे किती माणसं चुकीच्या बाजूला जातात, मला याचं खरंच वाईट वाटतं.

"चाळिशीनंतर दरवर्षी एक टक्का"

चाळिसाव्या वाढदिवसाला काही होत नाही. जाळीचं आधी सुरू झालेलं असतं हे वर आलंच. बायकांत मोठा उतार येतो तो पाळी जाण्याच्या आसपास, कारण इस्ट्रोजेन हे खरवडणाऱ्या पेशींना लगाम घालून ठेवतं, ते गेलं की लगाम सुटतो. अमेरिकेतल्या स्वान नावाच्या मोठ्या अभ्यासात शेवटच्या पाळीच्या एक वर्ष आधीपासून दोन वर्षं नंतरपर्यंत, या तीन वर्षांत मणक्यात दरवर्षी अडीच टक्क्यांच्या आसपास आणि खुब्याच्या मानेत पावणेदोन टक्क्यांच्या आसपास घट दिसली, नंतर वेग कमी झाला. म्हणजे एक टक्का ही सरासरी कुणाच्याच कामाची नाही, तीन वर्षं सुसाट आणि मग संथ, तेही जागेप्रमाणे वेगळं. आणि भारतात पाळी जाण्याचं सरासरी वय ४६-४७ च्या आसपास, पाश्चात्त्य देशांपेक्षा चारेक वर्षं आधी, म्हणजे आपल्या बायकांची ही तीन वर्षं लवकर येतात.

इथे मला बीडच्या बायका आठवल्याशिवाय राहत नाहीत. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची पाहणी केली, त्यात १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं, त्यात कितीतरी तरुण. गर्भाशयाबरोबर बीजकोषही काढले असतील तर त्या बाईचं इस्ट्रोजेन एका दिवसात जातं, हळूहळू नाही, आणि मणक्याची जाळी त्याच वर्षापासून वेगाने उतरायला लागते. आणि डोक्यावर मोळी तशीच. त्या तिशीतल्या बाईला हा मेसेज सांगतोय की चाळिशीपर्यंत तुला काही नाही. म्हणून माझ्याकडे पस्तिशी-चाळिशीची बाई पाठ दुखते म्हणून आली की मी पहिला प्रश्न विचारते, पिशवी काढलीय का, आणि दुसरा, बीजकोष ठेवलेत की तेही काढलेत. निम्म्या जणींना दुसऱ्याचं उत्तर माहीत नसतं. तुमच्या घरात कुणाचं ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्ज कार्ड शोधून बघा, त्यात लिहिलेलं असतं.

"टाचेची टेस्ट नॉर्मल म्हणजे सगळं नॉर्मल"

टाचेची मशीन अल्ट्रासाऊंडची असते, हाडातून आवाजाच्या लहरी किती वेगाने जातात आणि किती विरतात ते मोजते. ती टाकाऊ आहे असं मी म्हणणार नाही. तिच्यात आकडा खूपच खराब आला तर ती बाई खरंच जोखमीची असते आणि पुढची तपासणी लगेच करायला हवी, हे मोठ्या अभ्यासांत दिसलंय. पण उलटं खरं नाही. टाच रोज शरीराचा सगळा भार खाते, उभं राहिलं, चाललं, जिना चढला की आपटते, तिला काम मिळत राहतं. त्याच बाईच्या मनगटाला असलं काही मिळत नाही. शिवाय या मशीनवरचा आकडा आणि मोठ्या डेक्सा स्कॅनचा (एक्स-रेने हाडाची घनता मोजणारी तपासणी) टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडाच्या तुलनेत आपलं किती कमी तो आकडा, दिसायला सारखा, पण मोजपट्टी वेगळी. उणे अडीच किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस ही रेघ जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये ठरवली ती एक्स-रेवर चालणाऱ्या मोजणीसाठी, तिला टाचेच्या अल्ट्रासाऊंडला चिकटवणं म्हणजे शेराने कापड मोजणं.

आणि डेक्सा केला तरी कुठला आकडा बघायचा हे कळलं पाहिजे. काकूंचा नंतर डेक्सा केला. मणका उणे १.६, खुब्याची मान उणे २.७, हात उणे ३.०. मणका सगळ्यात चांगला! ज्या बाईचा मणका चेपलाय तिचा मणकाच सगळ्यात चांगला कसा? रिपोर्ट नीट बघितला तर चेपलेला एल वन तसाच धरून सरासरी काढलेली. चेपलेल्या मणक्यात तेवढंच हाड कमी जागेत दाबलं जातं, त्यामुळे आकडा वर जातो. बाकीच्या मणक्यांना साठीनंतर कडेने काटे येतात, पुढून जाणाऱ्या महारोहिणीत, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीत, चुना साठतो, आणि डेक्सा समोरून सावली घेतो म्हणून तो हे सगळं हाड म्हणूनच मोजतो. म्हणून पासष्टीनंतर मणक्याचा आकडा छान आणि खुब्याचा वाईट असं दिसलं तर मणक्यावर खूश होऊ नका. नियम असा आहे की मणका, पूर्ण खुबा आणि खुब्याची मान यातला सगळ्यात कमी आकडा धरायचा, आणि चेपलेला मणका हिशोबातून वगळायचा.

हाताचं स्कॅन आपल्याकडे फार कमी लोक सांगतात. गळ्यातल्या पॅराथायरॉईड ग्रंथी जास्त चालायला लागल्या तर त्या घट्ट हाडाला आधी खातात, तेव्हा मणका बरा दिसतो आणि हाताचा मधला भाग खाली गेलेला असतो. डी जीवनसत्त्व बराच काळ कमी राहिलं तरी याच ग्रंथी जोर करतात, आणि डी ची कमतरता आपल्याकडे किती घराघरात आहे हे वेगळं सांगायला नको. काकूंचा हात सगळ्यात वाईट का, हे शोधताना डॉक्टरांनी रक्त तपासलं तर डी अगदी तळाला आणि पॅराथायरॉईडचं हार्मोन वाढलेलं. टाचेच्या हिरव्या रंगातून हे कधी कळलं असतं सांगा.

"बायकांचा आजार, पुरुषांनी काळजी करू नये"

हा समज कुठून आला तेही बघण्यासारखं आहे. वर सांगितलेल्या १९८१ च्याच अभ्यासात पुरुषांची घट अगदी किरकोळ दिसली होती. पण ती मशीन मणक्याची सगळी सावली एकत्र मोजायची, आतली जाळी, बाहेरचं कवच, वयाने आलेले काटे सगळं. नंतर सीटीने फक्त आतली जाळी मोजली तेव्हा पुरुषांचीही जाळी तरुणपणापासून उतरताना दिसली.

फरक आहे, नाही असं नाही. पुरुषांचं हाड मुळात रुंद, आणि त्यांच्या जाळीतल्या काड्या बहुतेक बारीक होतात. बायकांत त्या तुटतात. मांडवाचा विचार करा, उभे बांबू आणि त्यांना बांधलेल्या आडव्या काठ्या. मधली आडवी काठी सुटली की उभ्या बांबूची मोकळी लांबी दुप्पट होते आणि तो वाकायला लागणारं वजन चौथ्या हिश्शावर येतं. म्हणून काड्या तुटणं हे काड्या बारीक होण्यापेक्षा जास्त वाईट, आणि तुटलेल्या काडीच्या जागी परत भरायला पृष्ठभागच राहत नाही.

पण पुरुष पंचाहत्तरीला पोचले की त्यांची भिंतही वेगाने पातळ व्हायला लागते, आणि खुबा मोडल्यावर पहिल्या वर्षात दगावण्याचं प्रमाण बायकांपेक्षा पुरुषांत जास्त आहे. त्यात स्टेरॉईड आलं तर वयाचा हिशोबच राहत नाही. दम्यासाठी, संधिवातासाठी प्रेडनिसोलोन तीन महिन्यांहून जास्त चालू असेल तर जाळीच्या हाडाचा तोटा पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच जोरात होतो, मणके आणि बरगड्या पहिल्या. डॉक्टरांना न विचारता गोळी मात्र बंद करू नका, ते वेगळंच संकट आहे, फक्त हाडांचं काय करायचं ते विचारा. आणि गुडघेदुखीवरच्या बिननावाच्या पुड्या घेताय ना काका लोक, अशा पुड्यांत स्टेरॉईड सापडलेली आहेत, म्हणून तर दोन दिवसात बरं वाटतं.

"उंची कमी होणं, पोक येणं हे वयाचंच"

थोडं खरं आहे. मणक्यांमधल्या गाद्या वयाने पातळ होतात आणि एक-दोन सेंटीमीटर त्यात जातात. पण तरुणपणीच्या उंचीपेक्षा चार सेंटीमीटर किंवा जास्त गेले असतील तर ते वयावर ढकलू नका, पाठीचा बाजूने एक्स-रे काढा. मणक्याच्या फ्रॅक्चरपैकी साधारण दोन तृतीयांश कळतच नाहीत, कारण पडल्याशिवाय हाड मोडतं हे आपल्या डोक्यात नसतं. खोकताना, बादली उचलताना, एसटीत शेवटच्या सीटवर बसून खड्ड्यात आपटलं तरी चेपतो. आणि एक चेपला की वर्षभरात पाचातल्या जवळपास एकीचा दुसरा चेपतो.

उसणीचं मुद्दाम सांगते. आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणसाला बोलावून पाठीला पाय लावून घेतात, काही ठिकाणी लाथच मारतात. तरुण माणसाच्या स्नायूला उसण असेल तर नशिबाने निभावतं. पण साठीच्या पुढच्या बाईला, पाळी लवकर गेलेल्या बाईला, स्टेरॉईड घेणाऱ्या कुणालाही अचानक पाठीत चमक आली आणि ती झोपल्यावर कमी, उठून उभं राहताना जीवघेणी असेल तर पायाळूही नको, मालिशवाला पण नको, आणि कुणाकडून कटकट आवाज काढून घेऊ नका. आधी एक्स-रे.

घरी दोन गोष्टी बघता येतात. भिंतीला टाचा आणि पाठ लावून सरळ बघत उभं राहा, डोक्याचा मागचा भाग भिंतीला टेकतो का. टेकत नसेल तर वरचे मणके चेपले असू शकतात. दुसरं, बाजूने शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्यामध्ये बोटं घाला, दोन बोटांपेक्षा कमी जागा राहिली असेल तर कंबरेचे मणके बघायला हवेत. याने निदान होत नाही, पण डॉक्टरकडे जायचं कारण मिळतं.

"दूध आणि चालणं, बस"

दूध प्या. नाचणी खा, १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आहे तिच्यात. तीळ खा. माझा विरोध "सगळी हाडं भरून येतात" याला आहे. अमेरिकेत ३६ हजारांहून जास्त पाळी गेलेल्या बायकांना कॅल्शियम आणि डी किंवा नुसत्या बिनऔषधी गोळ्या देऊन सात वर्षं बघितलं, २००६ मध्ये निकाल आला, खुब्याची घनता जेमतेम एक टक्का जास्त आणि खुब्याच्या फ्रॅक्चरमध्ये ठोस फरक नाही. कमी असेल तर भरून काढायलाच हवं, पण तुटलेल्या काड्या दुधाने जोडल्या जात नाहीत.

चालणं हृदयाला, साखरेला, मनाला उत्तम. मी सगळ्यांना चालायला लावते. पण हाड तिथेच जाड होतं जिथे त्याला नेहमीपेक्षा वेगळा, जास्त भार मिळतो. टेनिस खेळणाऱ्यांच्या खेळायच्या हाताचं दंडाचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड निघतं, शरीर तेच आणि रक्तही तेच. चालण्याने खुब्याला थोडा फायदा, मणक्याला जवळजवळ नाही, मनगटाला काहीच नाही. तुमच्या आजीची कवळी दर दोन-तीन वर्षांनी सैल का होते माहितीय? दात गेला की जबड्याच्या त्या कडेवर चावण्याचा भार येत नाही आणि ती कड विरत जाते, आजी रोज देवळापर्यंत चालत असली तरी.

ऑस्ट्रेलियात २०१८ मध्ये हाडं कमी झालेल्या पाळी गेलेल्या बायकांना आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास, देखरेखीखाली, जड वजनं उचलायला लावली. आठ महिन्यांत त्यांच्या मणक्याची घनता २.९ टक्के वाढली, घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची १.२ टक्के कमी झाली. देखरेखीखाली हा शब्द कृपा करून सोडू नका, युट्यूब बघून बार उचलायला जाऊ नका.

आणि ज्यांचा मणका आधीच चेपलाय त्यांच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. मेयोमध्येच मेहर्शीद सिनाकी यांनी १९८४ मध्ये हाडं ठिसूळ असलेल्या ५९ बायकांचं बघितलं. पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांत ८९ टक्के जणींचे आणखी मणके चेपले, पाठ मागे ताणण्याचे करणाऱ्यांत १६ टक्के. संख्या लहान आहे, पण फरक एवढा मोठा आहे की मी अशा कुणाला पश्चिमोत्तानासन, हलासन करू देत नाही. मणक्याचा ठोकळा पुढून चेपतो आणि पुढे वाकलं की सगळा भार नेमका पुढच्या कडेवर येतो. काकू तीस वर्षं रोज बारा सूर्यनमस्कार घालायच्या, ते बंद करायला सांगितलं तेव्हा त्या रडल्या, मला फार जड गेलं ते सांगताना. आता त्या पालथं झोपून छाती उचलतात, उशी पोटाखाली घेऊन, आधी दहा वेळा जमेना, आता पंधरा होतात. भिंतीला दोन्ही तळवे टेकून दाबतात म्हणजे मनगटालाही भार मिळतो. झाडू लांब दांड्याचा आणलाय, बादली गेली आणि तिच्या जागी टब नि पाणी घ्यायचा मग आला. डॉक्टरांनी आधी डी भरून काढलं आणि मग हाडांचं वर्षातून एकदा द्यायचं सलाईन चालू केलं. दाराच्या चौकटीवर पेन्सिलने त्यांच्या उंचीची खूण करून ठेवलीय, दर तीन महिन्यांनी सकाळी उठल्या उठल्या मोजतो, पुढची खूण दिवाळीच्या आधी करायचीय.